दलारोशच्या चित्रातली ती रिकामी जमीन

प्रश्न असा आला आहे. चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला पॉल दलारोश या फ्रेंच चित्रकाराच्या ‘गीझच्या ड्यूकची हत्या’ या चित्रावर टिपण लिहायचे आहे. तिच्या तीन शंका आहेत. चित्राचा मधला एवढा मोठा भाग रिकामा का, ही रचनेतली चूक तर नव्हे? चित्रात दाखवले तसे खरोखर घडले होते का? आणि याला इतिहासचित्र म्हणतात, तर ते जेमतेम मीटरभर रुंदीचे कसे?

मी बरीच वर्षे संयोजन, म्हणजे चित्रातल्या आकारांची मांडणी, शिकवले. या चित्राची छापील प्रत वर्गात दाखवली की पहिला प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतेच, आणि तो बरोबर जागी बोट ठेवणारा प्रश्न आहे. उत्तर मात्र दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो. त्या सकाळी काय झाले हे ठाऊक नसेल, तर चित्रकाराने त्यातले काय उचलले आणि काय टाकून दिले हे कळणार नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला फ्रान्स म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या यादवीने पोखरलेला देश. गादीवर तिसरा आंरी, व्हाल्वा घराण्यातला. त्याला मूलबाळ नव्हते. १५८४ साली धाकटा भाऊ वारला आणि वारसाहक्काने पुढचा राजा ठरला नाव्हारचा आंरी, जो प्रोटेस्टंट होता. कट्टर कॅथलिकांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांच्या संघाचा पुढारी होता गीझचा ड्यूक, त्याचेही नाव आंरीच. उंच, देखणा, लढवय्या. १५७५ साली दोरमांच्या लढाईत त्याच्या चेहऱ्यावर जखम झाली आणि त्या व्रणावरूनच लोक त्याला ओळखू लागले. पॅरिसच्या लोकांचा त्याच्यावर जीव होता. १२ मे १५८८ रोजी पॅरिसमध्ये लोकांनी रस्तोरस्ती पिंपे रचून अडथळे उभे केले, आणि दुसऱ्या दिवशी राजालाच राजधानी सोडून पळावे लागले.

त्या वर्षी शरदात ल्वार नदीकाठच्या ब्ल्वा येथील राजवाड्यात राज्यातल्या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरली. तिथेही गीझचाच वरचष्मा. राजापुढे दोन वाटा होत्या: नामधारी होऊन राहायचे, किंवा या माणसाला संपवायचे. कायद्याने त्याच्यावर खटला चालवण्याची ताकद राजात उरलेली नव्हती. मग त्याने आपल्या ‘पंचेचाळीस’ या खास अंगरक्षकांच्या पथकातली माणसे निवडली.

२३ डिसेंबर १५८८. नाताळ दोन दिवसांवर. सकाळी लवकर सल्लागार मंडळाची बैठक बोलावली होती. ड्यूकला आधीच धोक्याच्या सूचना मिळाल्या होत्या. जेवणाच्या हातपुसण्याखाली कुणीतरी चिठ्ठी ठेवली आणि ‘त्यांची हिंमत होणार नाही’ असे म्हणून त्याने ती टाकून दिली, अशी हकीकत सांगतात. बैठकीच्या दालनात त्याला थंडी वाजत होती, नाकातून रक्त येत होते, त्याने रुमाल मागवला, तोंडात टाकायला सुके आलुबुखार मागवले. मग राजाच्या सचिवाने येऊन निरोप दिला की महाराज आपल्या खासगी खोलीत वाट पाहताहेत. तिथे जायचे तर राजाच्या शयनगृहातून जावे लागे. शयनगृहात अंगरक्षक उभे होते. त्यांनी नमस्कार केला आणि ते मागोमाग चालू लागले. पलीकडच्या दाराशी पोहोचायच्या आत खंजीर चालले. ड्यूक धिप्पाड होता. अंगाला चिकटलेल्या मारेकऱ्यांसकट तो खोलीभर ओढत गेला आणि राजाच्याच पलंगाच्या पायथ्याशी कोसळला. शेजारच्या खोलीत थांबलेला राजा सगळे शांत झाल्यावर बाहेर आला. खालच्या मजल्यावर राजाची आई, कॅथरीन द मेदिची, आजारी पडून होती. तेरा दिवसांनी ती वारली. ड्यूकचा भाऊ कार्डिनल होता. त्यालाही दुसऱ्या दिवशी मारले. दोघांची प्रेते जाळून राख ल्वारमध्ये सोडली, कारण कबर झाली असती तर ती तीर्थस्थान झाली असती.

तेव्हा दुसऱ्या शंकेचे उत्तर: हो, चित्राचा गाभा खरा आहे. जागा खरी, पलंग खरा, मारेकऱ्यांचे पथक खरे, राजाचे नंतर बाहेर येणेही खरे. उलट चित्रकाराने किती सोडून दिले ते बघा. रुमाल नाही, आलुबुखार नाहीत, चिठ्ठी नाही, ओढाताण नाही, एकही वार नाही. आठवणींच्या पुस्तकांत जे जे चविष्ट होते ते त्याने जवळपास सगळे गाळले. त्याने एकच क्षण घेतला, आणि तोही हत्येचा नव्हे, हत्येनंतरचा.

आता चित्र. उजवीकडे पलंगाच्या पायथ्याशी ड्यूक उताणा पडलाय, हात पसरलेले. डावीकडे मारेकऱ्यांचा घोळका, उघड्या तलवारी हातात, एकमेकांना चिकटून उभा. अगदी डावीकडच्या कडेला दाराचा पडदा सरकवून राजा डोकावतोय; आत आलाय म्हणावे तर अजून पुरता आलेला नाही. आणि या दोन टोकांच्या मध्ये राजाच्या शयनगृहाची मोकळी जमीन, चुरगळलेला गालिचा. बस्स.

वर्गात मी एक गोष्ट करायला लावायचो, तुम्हीही करा. छापील प्रत टेबलावर ठेवा आणि राजाची आकृती अंगठ्याने झाका. काय उरले? एक खून. तलवारी घेतलेली माणसे, एक प्रेत, श्रीमंताघरची खोली. दरोडाही असू शकेल, सूडही. आता अंगठा उचला. चित्राच्या एका कोपऱ्यातला तो फिकट चेहरा परत आला की सबंध चित्राचा अर्थ पालटतो. हुकूम कुणाचा होता ते कळते. राजकीय हत्या आणि साधा खून यांतला फरक दलारोशने अंगठ्याएवढ्या जागेत ठेवलाय. ते पाहिले तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो, आणि इतिहासचित्र म्हणजे काय याची माझी समज त्या दिवशी बदलली.

दुसरी चाचणी. आता प्रतीला अशी घडी घाला की मधली रिकामी जमीन आत दडेल आणि घोळका व प्रेत शेजारी शेजारी येतील. चित्र लगेच ‘भरते’, तुमच्या शिक्षकांना आवडेल असे होते, आणि त्याच क्षणी मरते. का? कारण घोळका प्रेतापासून दूर उभा आहे, यातच सगळे आहे. ज्यांनी मारले तेच जवळ जायला धजत नाहीत. राजाला तर घोळक्याची आडोशासारखी भिंत लागते. ड्यूक मेलाय आणि तरीही खोलीत त्याचाच दरारा आहे. त्याचे एकट्याचे शरीर जितकी जमीन व्यापून पडले आहे, तितक्याच जागेत ती जिवंत माणसे एकमेकांना खेटून उभी आहेत. प्रेत पाहून राजा म्हणाला, ‘मेल्यावर तर हा आणखीच मोठा दिसतो,’ असे परंपरेने सांगतात. ते वाक्य तो बोलला असो वा नसो, दलारोशने ते रेषेत मांडले आहे, तोंडात घातलेले नाही.

तेव्हा ती जागा रिकामी नाही. संयोजनात आपण ‘तोल’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एका आकृतीसमोर दुसरी आकृती ठेवतो. इथे एका बाजूला दहाएक उभी माणसे आणि दुसऱ्या बाजूला एक आडवे प्रेत, आणि तराजू तरीही प्रेताकडे झुकतो. हे कशाने झाले? त्या अंतराने. घोळका डावीकडे जितका दाटीने कोंबला, तितके उजवीकडचे एकटे शरीर जड झाले. मध्ये एखादी खुर्ची किंवा एखादा वाकलेला सेवक घातला असता तर नजरेला टेकायला जागा मिळाली असती. दलारोशने नजरेला टेकू दिलेला नाही. ती राजाकडून निघते, तलवारींवरून घसरते आणि थेट प्रेतावर जाऊन आदळते. आपण लिपी डावीकडून उजवीकडे वाचतो, फ्रेंचही वाचतात. म्हणजे आपली नजर राजाच्याच वाटेने चालते. पडदा सारून आत यायचे, विचारायचे ‘झाले का?’, आणि मग ती जमीन ओलांडायची, हे राजाबरोबर आपल्यालाही करावे लागते. चित्राची प्रतिमा संगणकावर उलटी करून पाहा. प्रेत आधी येते आणि राजा शेवटी, जणू रहस्यकथेचा उलगडा झाल्यासारखा. मूळ चित्रात उलगडा असा काही नाहीच. कोणी केले हे पहिल्याच क्षणाला कळते, त्याचे काय झाले हे नंतर.

याच घटनेवर त्याच काळात शार्ल द्युर्युप्त नावाच्या चित्रकारानेही चित्र केले, १८३२ साली. ते ब्ल्वाच्याच राजवाड्यात आहे. त्यात राजा ड्यूकच्या प्रेताला पायाने ढकलतो. ही हकीकतही जुनीच आहे. गोष्ट म्हणून ती जास्त झणझणीत आहे, पण चित्र म्हणून तिथे प्रश्न संपतो. राजा दुष्ट, ड्यूक बिचारा, विषय मिटला. दलारोशचा राजा अजून लाथ मारण्याइतका जवळच आलेला नाही. तो येईल का, हे आपल्याला ठाऊक असले तरी चित्रातल्या माणसांना ठाऊक नाही. क्षण निवडणे म्हणतात ते हेच, आणि माझ्या मते इतिहासचित्राचे निम्मे काम कुंचला हातात घेण्याआधी इथेच होऊन जाते.

आणखी एक तुलना, कारण ती उपयोगी आहे. यूजेन दलाक्र्वाने १८२९ मध्ये ‘लिएजच्या बिशपची हत्या’ रंगवले. तिथेही राजकीय हत्याच आहे, पण दलाक्र्वा वार होण्याच्या ऐन क्षणावर थांबतो. प्रचंड अंधारे दालन, आरडाओरडा, दारू प्यायलेला जमाव आणि मधोमध आडवे गेलेले एक पांढरेशुभ्र मेजवस्त्र, ज्याचा उजेड सगळ्या चित्राला पुरतो. त्या चित्रातून आवाज ऐकू येतो. दलारोशच्या चित्रात आवाज नुकताच थांबलाय. हे दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत आणि मी यातला एक खरा, दुसरा खोटा असे म्हणणार नाही. रंगकाम म्हणाल तर दलाक्र्वा कितीतरी वरचा. गंमत म्हणजे ही दोन्ही चित्रे एकाच माणसाच्या संग्रहात होती: फ्रान्सचा युवराज, ऑर्लेआँचा ड्यूक फेर्दिनां-फिलिप. दलारोशचे चित्र तर त्याने सांगून करून घेतले होते.

आणि इथून तुमच्या तिसऱ्या शंकेकडे येतो. हे चित्र ५७ सेंटिमीटर उंच आणि ९८ सेंटिमीटर रुंद आहे. १८३४ मध्ये ते पूर्ण झाले, १८३५ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात, ते मांडले गेले.

फ्रान्सच्या कला अकादमीच्या उतरंडीत इतिहासचित्र सर्वांत वर. पुराण, बायबल, प्राचीन रोम, राजांचे विजय, आणि हे सगळे मोठ्या आकारात. दलारोशचे गुरू आंत्वान-जाँ ग्रो यांचे जाफाच्या प्लेगवरचे चित्र सव्वापाच मीटर उंच आणि सात मीटरहून रुंद आहे. त्यात नेपोलियन रोग्याला हात लावतो आणि आपण खालून मान वर करून पाहतो. त्या आकाराचा अर्थच हा असतो: हे सार्वजनिक आहे, हे राज्याचे आहे. रोजच्या जगण्यातले, घरगुती प्रसंग मात्र लहान कॅनव्हासवर काढायचे, कारण ती चित्रे घरात लागणार. दलारोश आणि त्याच्या पिढीने ही भिंत पाडली. विषय मोठ्या चित्राचा घेतला, आकार आणि बारकावा घरगुती चित्राचा. कपड्यांची शिवण, लाकडी भिंतींचे नक्षीकाम, पलंगाचे पडदे, सगळे दागिना घडवावा तसे. परिणामी आपण या हत्येकडे मान वर करून पाहत नाही. वाकून, जवळ जाऊन पाहतो. किल्लीच्या भोकातून बघावे तसे. राज्याचा निर्णय एका झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारी झाला, ही गोष्ट सात मीटरच्या कॅनव्हासवर सांगताच आली नसती. आकार लहान आहे म्हणूनच ती आपल्याला हळू आवाजात कळते.

या बदलाची किंमत कुणी मोजली हेही टिपणात लिहा अशी माझी विनंती आहे. १८३५ च्या त्याच सालोंमध्ये वृद्ध ग्रोंनी ‘हर्क्युलिस आणि दियोमेद’ हे जुन्या धाटणीचे भव्य चित्र मांडले होते. समीक्षकांनी त्यांना फाडून खाल्ले. त्याच प्रदर्शनात त्यांच्या शिष्याच्या या लहानशा चित्राला मोठे यश मिळाले. जूनमध्ये ग्रोंनी सेन नदीत जीव दिला. मी असे म्हणत नाही की एका गोष्टीमुळे दुसरी झाली; ग्रोंच्या आयुष्यात इतरही दुःखे होती. पण कलेच्या इतिहासात ‘शैली बदलली’ असे एका ओळीत लिहून आपण पुढे जातो, तेव्हा त्या ओळीखाली माणसे असतात, हे मला विसरता येत नाही.

युवराजाने हा विषय का मागवला असेल? याचे लेखी कारण सांगता येत नाही, पण काळ बघा. १८२० साली बुर्बाँ घराण्यातल्या बेरीच्या ड्यूकला पॅरिसच्या ऑपेराबाहेर भोसकून मारले होते. १८३० च्या क्रांतीने बुर्बाँ राजा गेला आणि घराण्याच्या धाकट्या पातीतला लुई-फिलिप, म्हणजे या युवराजाचा बाप, गादीवर बसला. एका राजाला आपल्याच दरबारातल्या बलाढ्य घराण्याची धास्ती वाटते, हा विषय ऑर्लेआँ घराण्याच्या भिंतीवर लावणे मला तरी साधे वाटत नाही. आणि चित्र सालोंमध्ये लागले त्याच वर्षी २८ जुलैला फिएस्की नावाच्या मारेकऱ्याने बंदुकीच्या पंचवीस नळ्या एकत्र बांधलेल्या यंत्राने लुई-फिलिपच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. राजा वाचला, अठरा माणसे मेली. तेव्हाच्या प्रेक्षकाला सोळाव्या शतकातली ती खोली फार दूरची वाटली नसणार. शिवाय पुढे काय झाले ते शिकल्यासवरल्या फ्रेंच माणसाला ठाऊक होते. तिसऱ्या आंरीला वाटले की आता आपण खरे राजे झालो. आठ महिन्यांत, १ ऑगस्ट १५८९ रोजी, जाक क्लेमां नावाच्या तरुण कॅथलिक मठवासी साधूने त्याच्या पोटात सुरा खुपसला. चित्रातला तो दाराशी थबकलेला माणूस स्वतःही पुढचा बळी आहे. ड्यूकही काही निष्पाप नव्हता: १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या रात्री प्रोटेस्टंटांचा पुढारी कोलिन्यी याला मारणारी टोळी त्याच्याच हुकमाने गेली होती. दलारोश यातल्या कुणालाही नायक करत नाही. मला त्याचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

या चित्राला एक जोडचित्रही आहे आणि त्याबद्दल अभ्यासक्रमात सहसा सांगत नाहीत. युवराजाने दलारोशच्या चित्राला जोड म्हणून अँग्र या फ्रेंच चित्रकाराकडून ‘आंतिओकस आणि स्त्रातोनीस’ करून घेतले. तंतोतंत त्याच मापाचे, ५७ बाय ९८. अँग्रने ते पूर्ण करायला १८४० पर्यंत वेळ घेतला. त्यातही शयनगृह, त्यातही पलंग, त्यातही एका माणसाचे रहस्य. फरक असा की तिथे वैद्याला रोग्याच्या छातीवर हात ठेवताच कळते की हा आपल्या तरुण सावत्र आईच्या प्रेमात झुरतोय, आणि राजा मुलासाठी तिला सोडतो. एका पलंगाशी राजा जीव घेतो, दुसऱ्या पलंगाशी जीव वाचवतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहा. पलंग, पडदे आणि मोकळी जमीन यांचा दोघांनी किती वेगळा उपयोग केलाय ते दिसेल. अँग्रची जमीन चकचकीत आणि शांत आहे. दलारोशची चुरगळलेली आहे.

युवराज १८४२ मध्ये घोडागाडीच्या अपघातात गेला. १८४८ च्या क्रांतीने सगळे घराणे परागंदा झाले. १८५३ मध्ये त्याचा संग्रह लिलावात निघाला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ, ओमालचा ड्यूक, इंग्लंडमध्ये वनवासात होता. त्याने दलारोशचे चित्र ५२,५०० फ्रँकला विकत घेतले. पुढे दहा वर्षांनी अँग्रचेही मिळवले. म्हणजे भावाने जोडलेली जोडी त्याने परत जुळवली. मग आपला शांतियीचा राजवाडा संग्रहासकट फ्रान्सच्या इन्स्तित्यू या विद्वत्संस्थेला दान केला, या अटीवर की चित्रांची मांडणी बदलायची नाही आणि एकही चित्र बाहेर पाठवायचे नाही. म्युझे कोंदे या नावाने ते संग्रहालय १८९८ पासून खुले आहे. त्या अटीमुळे दलारोशचे हे चित्र कुठल्याही प्रदर्शनासाठी बाहेर जात नाही. ते पाहायचे तर शांतियीलाच जावे लागते. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकावरून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. त्याच इमारतीत क्लुए पितापुत्रांनी आणि त्यांच्या शिष्यांनी काढलेल्या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच दरबाऱ्यांच्या व्यक्तिरेखाटनांचा मोठा साठा आहे. त्या काळच्या माणसांचे खरे चेहरे आणि त्या काळाची कल्पना एका छपराखाली आहेत.

मी तिथे गेलो तेव्हा चित्र इतके लहान असेल हे पाठ असूनही चकित झालो. आणि दुसरे म्हणजे, छापील प्रतीत काळवंडून जाणारा भाग मूळ चित्रात काळा नाही. भिंतीच्या लाकडात, पडद्यांच्या घड्यांत छटा आहेत. तुमच्याकडची प्रत गडद असेल तर छायाप्रकाशावर फार ठाम विधाने लिहू नका.

कार्यपद्धतीबद्दल दोन शब्द. दलारोश लहान आकृत्या घडवून, खोलीचा छोटा नमुना मांडून त्यात माणसे हलवून पाहत असे. नाटकाचा दिग्दर्शक करतो तसेच. म्हणूनच ही खोली रंगमंचासारखी दिसते, समोरची भिंत काढून टाकलेली. नेमक्या याच गोष्टीवरून तेओफिल गोतिए आणि इतर समीक्षकांनी त्याला आयुष्यभर झोडपले: हा चित्रकार नव्हे, नेपथ्यकार आहे, याला रंगाची जाण नाही, कपडे आणि फर्निचर यांतच जीव. आरोप पूर्ण चुकीचा नाही. मारेकऱ्यांपैकी काही जण मलाही पोशाखाचे नमुने दाखवायला उभे केल्यासारखे वाटतात, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या ‘लेडी जेन ग्रे’मध्ये तर भावनेला जरा जास्तच पाझर फुटलाय. पण या चित्रात त्या नाटकीपणाचे त्याने सोने केले. रंगमंच मोकळा ठेवण्याचे धैर्य वाईट नेपथ्यकारात नसते.

हे मी स्वतः चुकून शिकलो. तरुणपणी एका संस्थेने ऐतिहासिक हत्येचे भित्तिचित्र करायला दिले होते. मी वार करणारा हात ऐन मध्यभागी घेतला, चहूबाजूंनी माणसे, घोडे, मशाली भरल्या. देणाऱ्यांना आवडले. मला वर्षभरात ते बघवेना, कारण त्यात कुणी का मारले याचा मागमूस नव्हता. शनिवारवाड्यातला नारायणरावांचा वध कुणाला रंगवायचा झाला तरी हाच मोह होणार: गारदी, तलवारी, धावपळ. आणि तिथे दलारोशची रचना जशीच्या तशी उचलूनही चालणार नाही. ब्ल्वाचा राजा दाराआड थांबला होता. १७७३ च्या त्या दुपारी पुतण्याने काकालाच मिठी मारली होती. तिथे अंतर नाही, मिठीच आहे. त्या प्रसंगाचा क्षण वेगळा शोधावा लागेल.

दलारोशकडून ही गोष्ट खऱ्या अर्थाने कोण शिकला ते पाहायचे असेल तर त्याचा शिष्य जाँ-लेआँ जेरोम पाहा. त्याचे १८६७ सालचे ‘सीझरचा मृत्यू’ आता बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. सीझर खाली डाव्या कोपऱ्यात, सावलीत, कापडाच्या ढिगासारखा पडलाय. मारेकरी तलवारी उंचावत पाठमोरे निघून चाललेत. मध्ये सभागृहाची प्रशस्त फरशी आणि रिकामी आसने, आणि एक लठ्ठ सभासद अजून आपल्या जागीच बसलेला. गुरूने शयनगृहात मोकळी सोडलेली जमीन शिष्याने सभागृहाएवढी केली. पण एक महत्त्वाचा बदल केला: इथे पडद्याआड कुणी नाही. हुकूम देणारे आणि मारणारे एकच आहेत, म्हणून ते पुढे सरसावून जातात, चिकटून उभे राहत नाहीत. टिपणात ही दोन चित्रे शेजारी ठेवलीत तर ‘रिकामी जागा’ हा तुमचा मुद्दा आपोआप उभा राहील.

शेवटी एक काम करा, टिपण लिहायला बसण्यापूर्वी. भिंतीवर खडूने ५७ बाय ९८ सेंटिमीटरचा आयत आखा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यात फक्त तीन गोष्टी मापात मांडा: डाव्या कडेला एक उभी पट्टी राजासाठी, तिला लागून घोळक्याचा एक ठोकळा, उजवीकडे खाली एक आडवा आकार. बाकी काही काढू नका. मग दोन पावले मागे जा आणि पाहा, चेहरे नाहीत, तलवारी नाहीत, रक्त नाही, तरी तो आडवा आकार त्या ठोकळ्याला मागे ढकलतोय की नाही. मग तो ठोकळा चार बोटे उजवीकडे सरकवून पुन्हा पाहा, आणि जे दिसेल ते तुमच्या शब्दांत लिहा.